चाळीसगावातलं दुसरं टेबल

खानदेशात एखाद्या चित्रकाराचं घर संग्रहालयाच्या रूपात पाहायचं असेल तर चाळीसगावला जावं लागतं. रेल्वे स्टेशनापासून जवळच कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे. २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईतल्या पारशी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा विल्सन कॉलेजात शिकला, कला आणि छायाचित्रण शिकायला इंग्लंडला गेला आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस चाळीसगावी येऊन राहिला. त्यानंतर ३१ डिसेंबर १९८९ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे पन्नास वर्षं, तो या घराच्या बाहेर जवळजवळ पडलाच नाही. त्याने काढलेली चित्रं आणि रेखाटनं, छायाचित्रं, लाकडातली शिल्पं, कागदाच्या घड्यांच्या आकृती, जमवलेल्या जुन्या वस्तू, पुस्तकं, ग्रामोफोनच्या तबकड्या हे सगळं त्याच घरात राहिलं आणि पुढे लोकांना पाहण्यासाठी खुलं झालं. पण या घराविषयी महाराष्ट्राला जे ठाऊक आहे ते यातलं काहीच नाही. लोकांना ठाऊक आहे ती एक गोष्ट. मुंबईच्या व्हीटी स्टेशनवर निरोप घेताना एका तरुणीने वचन दिलं की एक दिवस पंजाब मेलने चाळीसगावला येईन आणि तुझ्यासोबत जेवेन. मूस रोज रात्री त्या गाडीच्या वेळेला दार उघडून, दोघांचं टेबल मांडून बसत. ती आली नाही. या गोष्टीने चित्रकाराला मागे सारलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की हे घर प्रतीक्षेचं स्मारक म्हणून पाहिलं तर त्यातलं सर्वांत मोलाचं नजरेतून सुटतं. हे कामाचं घर आहे. मूस यांची घरात राहण्याची रीत त्यांच्या कलेच्या गरजेतून समजते, आणि त्यासाठी जेवणाच्या टेबलापेक्षा दुसऱ्या एका टेबलाकडे पाहावं लागतं, ज्याच्यावर त्यांनी आपली टेबलटॉप छायाचित्रं रचली.

आधी गोष्टीचा विचार करू, कारण ती खोटी ठरवण्याची मला गरज वाटत नाही. पंजाब मेल खरी आहे. ती १९१२ साली सुरू झाली, म्हणजे मूस आणि ती गाडी एकाच वर्षीची. मुंबईहून ती संध्याकाळी निघते आणि चाळीसगाव तिच्या वाटेवर रात्रीच्या वेळी येतं, तेव्हा गोष्टीतला तपशील वेळापत्रकाशी जुळतो. मूस यांना एखादी व्यक्ती प्रिय असेल, तिची आठवण त्यांनी एखाद्या नेमाने जपली असेल, यात अशक्य काहीच नाही. प्रश्न वेगळा आहे: ही गोष्ट कशाचं स्पष्टीकरण देते? फार तर ती रात्रीच्या एका तासाचं देते. उरलेला सगळा दिवस, तोही पन्नास वर्षं, त्या घरात काय चाललं होतं हे ती सांगत नाही. जो माणूस केवळ वाट पाहतो त्याच्या मागे इतकं काम उरत नाही. छायाचित्रणात देशीविदेशी प्रदर्शनांतली पारितोषिकं, व्यक्तिचित्रांचा मोठा संग्रह, शिल्पं, रेखाटनं हा रोजच्या, शिस्तीच्या, थकवणाऱ्या मेहनतीचा पुरावा आहे. विरहाला त्या मेहनतीचं कारण मानलं की मेहनत दुय्यम ठरते, जणू ती न आलेल्या बाईची भरपाई होती. शिवाय त्या बाईलाही या गोष्टीत न येण्यापलीकडे काही अस्तित्व उरत नाही, आणि हा अन्याय दोघांवरही आहे.

हे चाळीसगावपुरतं असतं तर मी ते मनावर घेतलं नसतं. पण अजिंठ्याच्या या टापूत चित्रकाराच्या बाबतीत हे आधी एकदा घडलेलं आहे. रॉबर्ट गिल हा मद्रास फौजेतला अधिकारी १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमला. लेण्यांतला अंधार, वटवाघळं, ओल आणि ताप सोसत त्याने मोठमोठ्या तैलप्रती रंगवल्या आणि लंडनला धाडल्या. तिथे त्या सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेल्या होत्या आणि १८६६च्या डिसेंबरात लागलेल्या आगीत मोजक्या सोडून सगळ्या जळाल्या. गिल तोवर छायाचित्रणाकडे वळला होता. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने घेतलेली त्याची लेण्यांची छायाचित्रं १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपाने निघाली, आणि त्या काळातल्या अजिंठ्याची अवस्था जाणून घ्यायला आज ती अनमोल आहेत. १८७९ साली तो वारला आणि त्याला भुसावळला पुरलं. आता खानदेशात कुणालाही विचारा, गिल म्हटलं की पारो, त्याची इथली प्रेयसी. २३ मे १८५६ हा तिच्या मृत्यूचा दिवस कोरलेला दगड अजिंठा गावात आहे, आणि ना. धों. महानोरांच्या दीर्घ कवितेने व नंतर २०१२च्या चित्रपटाने ते प्रेम घरोघरी पोचवलं. कवीने आणि दिग्दर्शकाने आपलं काम केलं, त्यांना बोल लावण्याचं कारण नाही. पण ज्याच्या नकला जळाल्या, ज्याने ब्रश ठेवून कॅमेरा उचलला, त्या कलावंताची गोष्ट सांगायची राहूनच गेली. गिल आणि मूस यांच्यात शंभर वर्षांचं अंतर आहे. दोघंही चित्रकलेकडून छायाचित्रणाकडे आले, दोघंही मुंबईपासून दूर या मुलखात आयुष्यभर रुतून राहिले, आणि दोघांच्याही कामावर एका प्रेमकथेचा पडदा पडला. फरक इतकाच की गिलचं बहुतेक काम आगीने नेलं. मूस यांचं घरात आहे.

आता त्या दुसऱ्या टेबलाकडे येतो. टेबलटॉप छायाचित्रण म्हणजे टेबलावर घरातल्या क्षुल्लक वस्तूंतून एक आख्खा देखावा उभा करायचा आणि त्याचं छायाचित्र असं घ्यायचं की तो खरा वाटावा. मूस यांची ख्याती मुख्यतः यात आहे, आणि त्यांचं सर्वांत नावाजलेलं छायाचित्र हिवाळ्यातल्या बर्फाळ गावाचं आहे. उन्हाळ्यात जिथे पारा चाळिशीच्या पार जातो त्या गावात, बंद खोलीत, टेबलावर बर्फ पाडलेला आहे. हे काम ऐकायला खेळासारखं वाटतं, पण करायला घेतलं की त्याचे नियम कठोर निघतात. वस्तू भिंगाच्या अगदी जवळ असते, त्यामुळे चित्राचा जेमतेम बोटभर खोलीचा भाग स्पष्ट येतो आणि पुढचं-मागचं धूसर होतं. खरा देखावा मात्र जवळच्या झाडापासून दूरच्या डोंगरापर्यंत स्पष्ट असतो. तसं दिसायचं तर भिंगाचं छिद्र अगदी बारीक करावं लागतं. मग प्रकाश इतका थोडा आत येतो की त्या काळच्या मंद फिल्मवर कितीतरी सेकंद, प्रसंगी मिनिटं, झडप उघडी ठेवावी लागते. तेवढ्या वेळात टेबलावरची काडीही हलता कामा नये. सूर्य एकच असतो, म्हणून दिवाही एकच सूर्य असल्यासारखा ठेवायचा. दोन दिशांना दोन सावल्या पडल्या की खोटेपणा उघडा पडतो. सर्वांत अवघड प्रश्न मापाचा. झाड, घर, कुंपण लहान करता येतं, पण पाण्याचा थेंब लहान होत नाही, धुराची वेटोळी लहान होत नाहीत, ज्योत लहान होत नाही. म्हणून या कलेत वाहतं आणि पेटतं ते टाळून गोठलेलं, स्तब्ध, धुक्यातलं दृश्य निवडण्यात शहाणपण असतं. मूस यांच्या हिमदृश्याची निवड मला याच कारणाने फार विचारपूर्वक केलेली वाटते. बर्फ हा इथे परदेशाच्या आठवणीपुरता नाही; टेबलावर उभं राहू शकेल असं जे थोडं निसर्गात आहे त्यातलं ते एक आहे.

एवढं लक्षात घेतलं की घरात राहण्याचा अर्थ बदलतो. असा देखावा अर्धा मांडून कुणी फिरायला जात नाही. तो दिवसेंदिवस तसाच उभा राहतो, त्यावर धूळ बसू द्यायची नसते, खिडकीतून वाऱ्याची झुळूक येऊ द्यायची नसते, प्रकाश सरकला की पुन्हा सुरुवात. मग डार्करूम: त्या अंधारात रसायनांचं तापमान राखायचं, आणि चाळीसगावच्या उन्हाळ्यात ते राखण्यासाठी रात्रीच जागाव्या लागतात. स्टेशनाजवळच्या घरात गाडी गेली की जमिनीला हादरा पोचतो, तेव्हा मिनिटभर स्थिर राहणारं टेबल हवं असणाऱ्याने कोणती गाडी कधी येते आणि मधला निवांत वेळ किती, हे ओळखून असणं स्वाभाविक आहे. हा माझा तर्क आहे आणि तर्क म्हणूनच मांडतो. पण गाड्यांच्या वेळा पाठ असलेला माणूस दरवेळी कुणाची तरी वाटच पाहत असतो असं नाही. रात्री जागणाऱ्या, दिवे लावून बसणाऱ्या, उशिरा जेवणाऱ्या माणसाबद्दल शेजारपाजारी जे बोललं जातं, त्यातून गोष्ट वाढायला वेळ लागत नाही.

स्वतः मूस यांनी या घराला काय नाव दिलं होतं तेही पाहायला हवं: रेम्ब्राँज रिट्रीट. प्रकाशयोजनेत रेम्ब्राँ त्यांचा गुरू होता हे त्यांची व्यक्तिचित्रं पाहिली की कळतं. एका बाजूने आलेला उजेड, निम्मा चेहरा काळोखात, सुरकुत्यांना आलेली जवळीक ही त्या डच चित्रकाराची देणगी आहे. पण नावात आणखी काही असावं असं मला वाटतं. रेम्ब्राँ तरुण असताना त्या काळच्या प्रथेप्रमाणे इटलीला जाऊन शिकावं असा सल्ला त्याला मिळाला होता. कॉन्स्टन्टाइन हॉयगेन्स या मुत्सद्दी रसिकाने नोंदवून ठेवलं आहे की त्याने तो मानला नाही. ऐन उमेदीचा काळ प्रवासात घालवायला वेळ नाही, आणि इटलीतली उत्तम चित्रं तर इथे हॉलंडमध्येच पाहायला मिळतात, असं त्याचं उत्तर होतं. जगातल्या वस्तू जहाजांनी ॲमस्टरडॅमला येत होत्या. त्यांत हिंदुस्थानातली मुघल लघुचित्रंही होती, आणि भारतात कधीही पाऊल न ठेवलेल्या रेम्ब्राँने त्यांवरून जहांगीर, शहाजहान यांची रेखाटनं केली; त्यांतली वीसेक आजही आहेत. ज्याने हे नाव आपल्या दारावर लावलं त्याला घरात बसून जग आत आणण्याची ही परंपरा ठाऊक नसेल असं मानणं कठीण आहे.

ॲमस्टरडॅमला जी जहाजं होती ती चाळीसगावला रेल्वे आणि टपाल होती. एकांतवास म्हटलं की आपल्या मनात गुहा किंवा आश्रम येतो, पण मूस यांचं घर मुंबईपासून सव्वातीनशे किलोमीटरवर, देशातल्या अत्यंत वर्दळीच्या लोहमार्गालगत होतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६०च्या दशकात खानदेशातून भुसावळकडे गेली, १९०० साली चाळीसगावहून धुळ्याला फाटा निघाला आणि गाव जंक्शन झालं. कापूस या मार्गाने मुंबईला जाई, आणि मुंबईचा माल, वर्तमानपत्रं, माणसं त्याच मार्गाने येत. कंत्राटदार, दुकानदार, रेल्वेचे नोकर म्हणून पारशी कुटुंबं या मार्गावरच्या गावोगावी वसली ती याच ओघात. मूस कुटुंबाचं चाळीसगावात असणं हे त्या इतिहासाचाच भाग आहे. केकी मूस यांचं शिक्षणही या अंगाने बोलकं आहे. शेफील्डच्या ज्या बेनेट कॉलेजची कमर्शियल आर्टची पदविका त्यांनी मिळवली, ते टपालाने धडे पाठवण्यासाठी साम्राज्यभर नावाजलेलं होतं. आणि छायाचित्रांच्या सलॉनची, म्हणजे परीक्षकांनी निवडून भरवलेल्या प्रदर्शनांची, तर सगळी व्यवस्थाच टपालावर उभी होती: प्रिंट चढवायची, बांधायची, पाठवायची, परीक्षकांनी स्वीकारली तर तिच्या पाठीवर त्या प्रदर्शनाचं लेबल चिकटवलं जाई आणि ती पुढच्या देशाला जाई किंवा परत येई. मुंबई, लंडन, अमेरिका इथल्या भिंतींवर टांगलं जाण्यासाठी छायाचित्रकाराला घराबाहेर पडायची गरजच नव्हती. त्याचं काम प्रवास करत होतं. भेटायला येणाऱ्यांसाठी घराचं दार उघडं असे, गावातली माणसं कॅमेऱ्यासमोर बसत. विनोबा भावे यांचं छायाचित्र घेण्यासाठी मात्र मूस बाहेर पडले असं सांगतात. म्हणजे कामाने मागणी केली तर उंबरठा ओलांडायलाही त्यांची ना नव्हती.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो आणि तो टाळता येणार नाही. घरात राहणं ही कामाची रीत होती हे मान्य केलं, तरी तिची किंमत कलेने मोजली, असं कुणी म्हणेल. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला, भारतीय चित्रकलेची भाषा पालटली. जगातलं छायाचित्रण रस्त्यावर उतरलं, हातातल्या लहान कॅमेऱ्याने निसटता क्षण टिपू लागलं. आणि चाळीसगावात मात्र जुन्या चित्रसदृश छायाचित्रणाचीच पूजा चालू राहिली. या आक्षेपात तथ्य आहे. मूस यांचे काही देखावे आज गोडगोड वाटतात, काही व्यक्तिचित्रांत रेम्ब्राँची छाया इतकी दाट आहे की समोरचा माणूस तिच्याखाली दबतो. परंतु एखाद्या कलावंताला त्याने न निवडलेल्या शर्यतीत मागे पडला म्हणणं योग्य नाही. रस्त्यावरचं छायाचित्रण जगाला पकडतं, टेबलावरचं जग रचतं. ही दोन वेगळी कामं आहेत. १९७०नंतर तर पाश्चात्त्य कलाजगतातच रचून काढलेलं छायाचित्र पुन्हा मानाने परत आलं, खेळण्यांची, बाहुल्यांची, कागदी घरांची छायाचित्रं मोठ्या दालनांत लागू लागली. मूस यांचा त्यांच्याशी संबंध जोडायचा नाही, पण जी पद्धत कालबाह्य म्हणून बाजूला ठेवली ती अजून पुरती संपलेली नव्हती एवढं यातून दिसतं. आणि त्यांच्या व्यक्तिचित्रांना एक दुसरंही मोल आहे, जे कलेच्या फॅशनवर अवलंबून नाही. विसाव्या शतकाच्या मध्यातल्या एका तालुक्याच्या गावातले चेहरे, फेटे, लुगडी, दागिने आणि म्हातारपण इतक्या काळजीने प्रकाशात बसवून टिपलेलं खानदेशात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. गोष्टीमुळे तर माणसं येतात, असं म्हणतात. लहान गावातलं, मोजक्या माणसांच्या निष्ठेवर चालणारं संग्रहालय तिच्याशिवाय ओस पडेल. हे मला पटतं, आणि गोष्ट सांगणं बंद करा असं मी म्हणत नाही. पण गोष्टीसाठी आलेला माणूस दार पाहतो, टेबल पाहतो, हळहळतो आणि परत जातो. पुन्हा येण्याचं त्याला कारण उरत नाही, कारण गोष्ट एकदा ऐकून पुरते. जे घर अभ्यासाला खुलं होतं तिथे माणसं परत परत येतात. याचं उदाहरण खानदेशातच आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. मूसही त्याच तारखेला गेले हा योगायोग. राजवाडे मूसांच्या अगदी उलट: गावोगाव पायी हिंडून दफ्तरं गोळा करणारे. त्यांच्या तापट, विक्षिप्त स्वभावाच्या आख्यायिका काही कमी नाहीत. पण धुळेकरांनी आख्यायिकांवर न थांबता महिनाभराच्या आत, १९२७च्या जानेवारीत, त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढलं, कागद जपले, त्यांचे वर्णनग्रंथ आणि नियतकालिक काढलं. त्यामुळे आज राजवाड्यांबद्दल बोलायचं तर कागदावर बोलावं लागतं. कोल्हापुरात चंद्रकांत मांडरे यांनी आपली चित्रं राहत्या घरासह शासनाला दिली, आणि रुपेरी पडद्यावरचा नट म्हणून त्यांना ओळखणाऱ्या माणसाला तिथे निसर्गचित्रकाराची गाठ पडते. प्रसिद्धीच्या एका कारणाने आलेल्याला कामाच्या दुसऱ्या कारणाकडे वळवता येतं, एवढं या दोन्ही ठिकाणी दिसतं.

आणि इथे रेम्ब्राँ पुन्हा उपयोगी पडतो, या वेळी त्याचं घर. १६३९ साली त्याने घेतलेलं ॲमस्टरडॅममधलं ते घर कर्जापायी त्याच्या हातून गेलं, सामान विकलं गेलं. १९११ साली तिथे संग्रहालय झालं तेव्हा आत त्याच्या सामानातलं काहीच नव्हतं. तरीही आज तिथे खोल्या त्याच्या काळाप्रमाणे मांडलेल्या दिसतात, त्या १६५६ साली दिवाळखोरीच्या वेळी कारकुनाने खोलीखोलीतून फिरून केलेल्या ३६३ नोंदींच्या आधाराने. वस्तू गेल्या, यादी राहिली, आणि यादीवरून घर परत उभं राहिलं. चाळीसगावची स्थिती याच्या नेमकी उलट म्हणजे भाग्याची आहे, कारण वस्तू आहेत. पण छायाचित्र हा फार नाजूक ऐवज आहे. जिलेटिनचा थर चाळीसगावच्या उन्हाळ्यात कोरडा होऊन आक्रसतो आणि पावसाळ्यात ओल धरतो. जुनी ॲसिटेटची निगेटिव्ह कुजू लागली की व्हिनेगरसारखा वास सुटतो आणि मग ती वाचवता येत नाही. म्हणून प्रत्येक प्रिंटची पुढची बाजू जशी स्कॅन करायची तशी मागचीही करायला हवी, कारण प्रदर्शनांची लेबलं, वर्षं, शीर्षकं पाठीवर असतात आणि मूस यांची चित्रं कुठे कुठे जाऊन आली याचा नकाशा केवळ त्यांतून तयार होऊ शकतो. टेबलटॉपसाठी वापरलेलं जे काही किडूकमिडूक उरलं असेल, काड्या, पुठ्ठे, रंगवलेले पडदे, ते त्या त्या छायाचित्राशेजारी मांडायला हवं, म्हणजे पाहणाऱ्याला खोलीत काय घडत होतं ते कळेल. आणि सर्वांत आधी करायचं काम म्हणजे व्यक्तिचित्रांतल्या माणसांची ओळख. १९४० आणि ५०च्या दशकांत मूसांच्या दिव्यासमोर बसलेल्यांची मुलं-नातवंडं चाळीसगावात, पाचोऱ्यात, धुळ्यात अजून आहेत. त्यांतली मुलं आता ऐंशीच्या घरातली झाली आहेत, आणि हा फेटा बांधलेला म्हातारा कोण, ही नथ घातलेली आजी कुणाची, हे सांगता येईल असं त्यांच्यानंतर कुणी उरणार नाही.